एका वर्षाची मॅडम

कला विभागात दोन गोष्टी आपोआप साचतात: धूळ आणि किस्से. धूळ झाडायला शिपाई येतो. निदान तो येतो असा समज आहे. किस्से झाडायला मात्र कोणाचीही नेमणूक झालेली नाही. त्यामुळे ते एकमेकांवर बसत जातात, आणि स्टाफरूमच्या टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा करावी, तर एखादा हमखास खाली घरंगळतो. यंदा जे घरंगळले, त्यांतले बहुतेक एकाच व्यक्तीचे निघाले.

तिची ओळख आधी करून देते. विद्यापीठाने नव्या कलावंतांसाठी अध्यापन फेलोशिप सुरू केली आहे. शिक्षण नुकतेच संपवलेल्या कलावंताला नगरच्या आमच्या विभागात वर्षभर काम करायला एक खोली मिळते. त्याबदल्यात त्याने पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचे. वर्षाच्या शेवटी समिती येते, वर्ग बघते, आणि दुसरे वर्ष द्यायचे की नाही ते ठरवते. मी येथे कलेचा इतिहास शिकवते आणि त्या समितीत विभागातर्फे बसते. चित्र काढता येणे आणि चित्र शिकवता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे मी योजना आली तेव्हाच लेखी कळवले होते. हे मत मी आजही पूर्णपणे मागे घेतलेले नाही.

यंदाची फेलो सारिका. श्रीगोंद्याची. लाकूड कोरून, त्यावर शाई लावून छपाई करणारी. दुसरे वर्ष मिळाले तर ती कोरत राहणार. नाही मिळाले तर भावाच्या फ्लेक्सच्या दुकानात, वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या मागची पार्श्वभूमी पिवळी की भगवी हे ठरवायला परत जाणार. मधला रस्ता नव्हता, आणि हे तिने पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून टाकले होते.

*

निवडीची मुलाखत. तिच्या ठशांवर कोणाचे दुमत नव्हते. प्रश्न शिकवण्याचा होता, आणि तो अर्थातच मी विचारला.

"अध्यापनाचा पूर्वानुभव?"

"आहे. दुकानात."

"दुकानात कोणाला शिकवलंत?"

"गिऱ्हाइकांना. एका फ्लेक्सवर चाळीस फोटो बसत नाहीत, हे चार वर्षं शिकवलं."

"आणि ते शिकले?"

"नाही. चाळीस बसवून घेतले." मग क्षणभर विचार करून ती म्हणाली, "पण मॅडम, भांडण एकदाही झालं नाही."

विभागप्रमुख सर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "घेऊन टाका. आपल्यापैकी कोणालाही हे जमलेलं नाही!"

*

ती रुजू झाली त्या सकाळी महाविद्यालयाच्या गेटवर, नावाची पाटी झाकून, एक भलामोठा फ्लेक्स लागला होता. 'प्राध्यापिका झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' भावाने पहाटे येऊन बांधला होता. त्यावर गावातले सगळे मान्यवर, त्यांचे पुतणे, दुकानाच्या शेजारचा रसवंतीवाला, आणि अगदी खाली, कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी सारिका.

मी तिला बोलावून घेतले. "तुम्ही प्राध्यापिका नाही. फेलो आहात. हा मजकूर चुकीचा आहे."

"माहिती आहे मॅडम. उतरवते. फक्त एक तास द्या."

त्या तासात तिने पहिल्या वर्षाचा अख्खा वर्ग गेटवर नेऊन उभा केला. "या चित्रातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस शोधा. कसा शोधला तेही सांगा." मुले आकाराबद्दल बोलली, रंगाबद्दल बोलली, कोण मध्यभागी आहे आणि कोणाच्या डोक्यावर कोणाचा हात आहे याबद्दल बोलली. राजाला मोठा आणि सेवकाला लहान रंगवण्याची जुनी परंपरा मी ज्या व्याख्यानात समजावून सांगते, ते व्याख्यान त्यांनी फाटकात उभ्या उभ्या, एकमेकांशी भांडत, स्वतःच रचले. मी खिडकीतून ऐकत होते. बहुतेक मुद्दे आले होते.

शेवटी पाथर्डीची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, सगळ्यात महत्त्वाच्या तुम्हीच आहात. फोटो बारका आहे, पण गॉगल फक्त तुम्हीच घातलेला नाही!"

*

आमच्या कार्यालयात हजेरीचे यंत्र आहे. त्यावर अंगठा ठेवायचा, यंत्राने ओळखायचे, आणि मगच आपण त्या दिवशी अस्तित्वात आहोत असे मानायचे. लाकूड, कोरणी, रॉकेल आणि शाई यांत वर्षे काढलेल्या सारिकाच्या अंगठ्यावर रेषा अशा फारशा उरलेल्याच नव्हत्या. यंत्र रोज तिला नाकारत असे.

कार्यालयातले भाऊसाहेब सज्जन माणूस; पण यंत्रापुढे त्यांचेही काही चालत नाही. "मॅडम, मशीनच्या मते तुम्ही आज आलेल्या नाहीत."

"मग आत्ता तुम्ही कोणाशी बोलताय?"

"ते मशीन विचारत नाही."

आठवडाभर तिने हे सोसले. पुढच्या सोमवारी ती काखेत एक गुंडाळी घेऊन आली आणि भाऊसाहेबांच्या टेबलावर उलगडली. दरवाजाएवढा ठसा! तिच्या अंगठ्याचा. नसलेल्या रेषांच्या जागी तिने कोरणीचे ओरखडे, भाजल्याचा डाग, कापल्याची खूण, सगळे कोरले होते. "घ्या. आता मोठा करून आणलाय."

भाऊसाहेबांनी तो चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला, आणि दुसऱ्याच दिवशी फ्रेम करून आपल्या खुर्चीमागे लावला. आलेल्या प्रत्येकाला ते तो अभिमानाने दाखवतात. "आमच्या मॅडमचा अंगठा. बघा, काय काम आहे!"

मग वळतात आणि तिची गैरहजेरी मांडतात.

*

तिचा वर्ग कसा चालतो ते पाहायला मी मागच्या बाकावर जाऊन बसले. चुका काढायलाच गेले होते. तशी माझी ख्याती आहे आणि ती मी जपते. त्या दिवशी वर्गाच्या मधोमध एक लाकडी खुर्ची होती. मुलांना वाटले, खुर्ची काढायची. सारिका म्हणाली, "खुर्चीला हात लावायचा नाही. तिच्या पायांमधली रिकामी जागा काढा. हातांखालची रिकामी जागा काढा. खुर्ची आपली आपण येते का बघू."

ही पद्धत नवी नाही, हे मी वहीत टिपले. मुले मात्र गोंधळली होती. सोनईच्या एका मुलाने शेवटी हात वर केला.

"मॅडम, रिकाम्या जागेला मार्क असतात का?"

"असतात," सारिका म्हणाली. "भरलेल्या जागेचे मी कापते."

थोड्या वेळाने खरोखरच कागदाकागदांवर खुर्च्या दिसू लागल्या. सोनईच्या मुलाची तर इतकी नेमकी उतरली की तो स्वतःच दचकून म्हणाला, "आयला, ही आली की! मी तर काढलीच न्हाई!"

*

पण चूक मला सापडली. आठवडाभराने, त्याच वर्गात. जुन्या कॅलेंडरांवरची देवादिकांची चित्रे लाकडी ठशांवरून छापली जात, असे ती सांगत होती. मी मागून म्हटले, "ती दगडावरून छापली जात. लाकडावरून नव्हे."

अशा वेळी शिक्षक काय करतात, हे मी आयुष्यभर पाहिले आहे. काही जण 'तेच म्हणत होतो' म्हणतात. काही जण विषय बदलतात. एका गृहस्थांनी तर अशाच प्रसंगी माझ्याशी बोलणेच बंद केले, ते आजतागायत.

सारिका म्हणाली, "माझं चुकलं. सगळ्यांनी वहीत दुरुस्त करा. आणि मॅडम, दगडावरून कसं छापत ते पाच मिनिटं सांगाल का? मलाही नीट ठाऊक नाही." मग ती मुलांमध्ये, खाली, वही उघडून बसली.

विभागप्रमुखांना हे कळले तेव्हा ते अस्वस्थ झाले. "वर्गात चुकलो म्हणायचं? अहो, मुलं काय शिकतील यातून?"

काय शिकतील, ते मला दुसऱ्याच सकाळी समजले. माझे व्याख्यान सुरू होण्याआधी पाथर्डीची तीच मुलगी उभी राहिली आणि अत्यंत आदराने म्हणाली, "मॅडम, आज तुमचं काही चुकणार असेल तर आधीच सांगा. आम्ही पेननं लिहितोय!"

*

विभागप्रमुखांचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगते. सारिकाच्या वर्गाचा एक दंडक आहे. चित्र भिंतीवर लागले की ज्याचे चित्र, त्याने तोंड मिटायचे. बाकीचे सगळे बोलून होईपर्यंत 'मला असं म्हणायचं होतं' हे वाक्य वर्ज्य. चित्राला जे सांगता आले नाही, ते चित्रकाराने सांगायचे नाही.

सरांना ही कल्पना फार आवडली. "लावा, माझंही लावा एक दिवस!" असे ते उत्साहाच्या भरात म्हणाले. सारिकाने ते मनावर घेतले.

आमचे सर उत्तम निसर्गचित्रे काढतात. ती दाखवताना ते त्याहूनही उत्तम बोलतात; एका झाडावर ते वीस मिनिटे सहज काढतात. त्या दिवशी त्यांचे जलरंगातले चित्र लागले आणि ते खुर्चीवर, हाताची घडी घालून, ओठ आवळून बसले. मुले आधी बिचकली. मग कोणीतरी म्हणाले, आकाश छान आहे. कोणीतरी म्हणाले, फार छान आहे. मग सोनईचा मुलगा उठला.

"सर, झाड एकदम झकास. पण ह्यो डोंगर व्हरांड्यातल्या मागच्या वर्षीच्या चित्रात पण होता. आन् त्याच्या मागच्या वर्षीच्या पण. आपल्याकडं दुसरा डोंगर न्हाई का?"

सरांचा चेहरा प्रथम गुलाबी झाला, मग जांभळा. दुसऱ्या एकाने विचारले, खालच्या झोपडीला दार का नाही? तिसऱ्याने दार नसल्याचे समर्थन केले. वादाला रंग चढला. सरांचा हात दोनदा वर गेला, दोनदा सारिकाने नुसती मान हलवली. अखेर सगळे बोलून झाले. सरांनी दीर्घ श्वास घेतला.

"आता बोलू का?"

"बोला की सर," सारिका म्हणाली. "पण बेल झाली."

तेव्हापासून सरांच्या चित्रात डोंगर आलेला नाही. झोपडीला दार मात्र अजूनही नाही. तो मुद्दा त्यांना मान्य नसावा.

*

आणि मग समिती आली.

सारिकाने आखले होते ते असे. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाने प्लायवूडच्या तुकड्यावर आपल्या आईचा चेहरा कोरायचा; सगळे तुकडे जोडून एकच ठसा करायचा. तो विभागातल्या छपाईयंत्रात मावणे शक्य नव्हते. पण आमच्या गेटसमोरच्या रस्त्याचे काम चालू होते, आणि रस्त्यावर रोड रोलर होता. ठसा जमिनीवर मांडायचा, शाई लावायची, वर मांजरपाटाचे कापड, त्यावर जुन्या सतरंज्या, आणि सगळ्यांवरून रोलर! भाऊसाहेबांनी ठेकेदाराला गाठून अर्ध्या दिवसासाठी रोलर मिळवला. समितीने हाच वर्ग पाहायचा होता आणि यावरच दुसरे वर्ष ठरायचे होते.

भावाने मात्र आधीच ठरवले होते. निवडणुका तोंडावर, दुकानात फ्लेक्सची रांग. तो सकाळीच पिकअप घेऊन आला आणि गेटपाशी उभा राहिला. "सामान आजच घेऊन जाऊ. परत चक्कर नको."

"दादा, अजून निकाल लागायचाय."

"लागला तर लागला. गाडी तर आलीया ना?"

ठसा मांडून झाला. शाई लागली, कापड पडले, सतरंज्या पडल्या. पुण्याहून आलेले समितीचे अध्यक्ष खुर्चीत बसले. पारनेरकडचे नाना रोलर चालवत आले, ठशापासून हातभर अंतरावर थांबले, आणि वरूनच त्यांनी विचारले, "खाली काय हाय म्हनायचं?"

सोनईच्या मुलाने छाती फुगवून सांगितले, "आमच्या आया, नाना!"

नानांनी इंजिन बंद केले.

"माज्याच्यानं न्हाई व्हायचं."

विभागप्रमुख धावले. "अहो, लाकूड आहे ते! नुसतं लाकूड!"

"लाकूड हाय, तर मंग ह्ये पोरगं आई का म्हनलं?" नाना खाली उतरले. "कुनाच्या बी आईच्या तोंडावरनं रोलर घालायचा न्हाई मी. ठेकेदाराला सांगा, काडून टाका म्हनावं मला."

भाऊसाहेब ठेकेदाराला फोन लावू लागले. एक मुलगा हळूच म्हणाला, "आपण वरून पायानं दाबलं तर?" नानांनी त्याच्याकडे फक्त पाहिले. तो दोन पावले मागे सरकला. ऊन चढत होते. कापडाखाली शाई सुकू लागली, की सगळे वाया. माझ्या पर्समध्ये या योजनेवरचे आक्षेप व्यवस्थित क्रमाने लिहून ठेवलेले होते, आणि नियोजनाचा अभाव हा पहिलाच होता.

सारिका नानांशी एक शब्दही भांडली नाही. भाऊसाहेबांच्या हातातला फोन तिने बंद करायला लावला. "नानांचं खरं आहे," ती म्हणाली. "आपलाच विचार कमी पडला. सतरंज्या काढा. कँटीनमधून वाट्या आणा, स्टीलच्या. बूड गुळगुळीत असलेल्याच आणा. आणि चपला बाहेर."

वाटीच्या बुडाने कापड पाठीमागून घासायचे. जिथे घासाल तिथेच शाई वर येते. यंत्र नव्हते तेव्हा असेच छापत. काम फार हळू होते, आणि ठसा अंगणाएवढा होता. मुले कडेने बसली. कँटीनवाला वाट्यांबरोबर स्वतःही आला. नानांनी टाकीवर हात धुतले, डोक्याचे फडके सोडून पुसले, आणि मांडी घालून बसले. माझ्याही हातात वाटी आली. माझ्या वाट्याला कोणाचे तरी कपाळ होते.

अध्यक्ष खुर्चीतूनच म्हणाले, "मला तुमचा वर्ग पाहायचा आहे."

"हाच आहे सर," सारिका म्हणाली आणि त्यांच्या पुढे वाटी धरली. "उजवीकडचा कोपरा मोकळा आहे."

मला वाटले, आता संपले. अध्यक्षांनी वाटीकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि बूट काढले.

ते उजवीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसले. मग अध्यक्ष, मान खाली घालूनच, आपल्या नेहमीच्या कोरड्या स्वरात बोलले. "तुमच्या प्रस्तावात रोड रोलरचं प्रात्यक्षिक लिहिलं होतं. नियोजन फसलं, असं नोंदवू का?"

"नोंदवा सर. पण एवढ्यात उठू नका. तुमच्याकडच्या बाईंची हनुवटी राहिलीय."

अध्यक्ष हनुवटी घासू लागले.

भाऊ गाडीला टेकून उभा होता. सारिकाने त्याला हाक मारली. "दादा, उभा काय राहिलास? ये ना. हातांची कमतरता आहे."

"मला काय येतंय त्यातलं? मी मशीनवाला मानूस."

"वाटी धरता येते ना? या इथं बस."

तो कुरकुरत बसला. कापड जाड आहे, गुडघे दुखतात, दुकानात गिऱ्हाइकं खोळंबलीत, या सगळ्याची यादी करत त्याने आपला तुकडा घासला. पण नीट घासला, कडा न सोडता. शेवटी सारिका उठली. चौघांनी कापडाचे चार कोपरे धरले, अलगद उचलले, आणि गेटच्या कुंपणावर टाकले.

मुले पुढे झाली. एकेक जण आपापल्या आईसमोर जाऊन उभा राहिला. काही चेहरे गडद, काही फिके. कोणी किती जोर लावला ते जसेच्या तसे उमटले होते. अध्यक्षांकडच्या बाईंची हनुवटी उत्तम आली होती. माझे आक्षेप पर्समध्येच राहिले. पर्स उघडण्याजोगे, शाई न लागलेले हात माझ्यापाशी उरले नव्हते.

भाऊ कडेच्या चेहऱ्यासमोर थांबला होता. हा एकच तुकडा सारिकाने स्वतः कोरलेला होता.

"सारे, ही आपली आई हाय?"

"हाय."

"मला सांगायचं न्हाई व्हय आदी? नाकावर लई घासलं मी."

"तसंच आहे तिचं नाक."

नाना जवळ येऊन बघून गेले. म्हणाले, "झ्याक उतरली हो माउली," आणि रोलर घेऊन रस्त्याकडे वळले.

समितीची बैठक जेवणानंतर होती. तिला अजून अवकाश होता. अध्यक्ष टाकीवर हात धूत होते. त्यांच्यामागे रांगेत मी. तेवढ्यात भावाने काळ्या बोटांनी खिशातून मोबाईल काढला आणि दुकानात फोन लावला.

"बाळ्या, ऐक. डिझाईनच्या कॉम्प्युटरवर उद्यापासनं तू बस... आरं कायमचा. ती येत न्हाई आता."

पलीकडून काहीतरी विचारले गेले. त्यांची आई त्या वेळी श्रीगोंद्याला, घरी होती. तिला यातले काहीही ठाऊक नव्हते. तो कुंपणावरच्या कापडाकडे बघत होता.

"कोन म्हनलं म्हंजे? आई म्हनली!"